पाण्याचा नंबर आणि माईंचा समुद्र

"समुद्र बघायला तिकीट न्हाय ना?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या. समुद्र फुकट आहे. तिथपर्यंत जायचे पैसे."

"मग एवढं कशाचं झालं?" असं म्हणून त्यांनी माझं कोटेशन माझ्याकडेच सरकवलं.

बारामतीत एसटी स्टँडजवळ माझं टूर्स अँड ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा, तीन खुर्च्या आणि भिंतीवर उटीचा फोटो. मालक मी, मॅनेजर मी आणि टूरबरोबर गाईड म्हणून जाणारीही मीच. तात्या इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे. सत्तरी गाठलेली, दोन एकर ऊस, दीड एकर गहू. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी बायकोला, म्हणजे माईंना, समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी कारखान्याची ऊसतोड यायची, कधी म्हैस व्यायला झालेली असायची. आता माईंचे गुडघे गेलेत आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. माईंनी घरात जाहीर करून टाकलं, आधी समुद्र, मग ऑपरेशन. म्हणून तात्या माझ्याकडं आले होते. दोघांचे मिळून आठ हजार, वर रुपया नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. हॉटेलच्या खोलीला एकच रेट नसतो. शुक्रवार-शनिवारी पुण्या-मुंबईची गर्दी असते, तेव्हा वीकेंड रेट लागतो. सोमवार ते बुधवार तीच खोली, तीच गादी, तोच पंखा जवळपास निम्म्यात मिळतो. तात्यांना शुक्रवार हवा होता. मी म्हटलं, सोमवारी चला. आमच्याच भागातल्या डाळज गावचे दहा जण सोमवारी श्रीवर्धनला निघणारच होते आणि त्यांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन सीट मोकळ्या होत्या. म्हणजे गाडीभाडंही वाटून जाणार होतं.

"पुढच्या हप्त्यात कालव्याचं पाणी सुटंल म्हणत्यात," तात्या चाचरत म्हणाले.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अहो तात्या, पाणी कधी सांगितल्या दिवशी सुटलंय का?" माझं माहेर शेतकऱ्याचं. माझ्यासारखीनं तरी हे बोलायला नको होतं. पण बुकिंग डोळ्यांसमोर असलं की आमची जीभ अशीच सैल सुटते.

तरी जेवणाचं गणित बसत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी तात्यांबरोबर ऑफिसात आलेल्या माईंनी बसवलं. श्रीवर्धनला ज्या काकूंकडे घरगुती मुक्काम ठरला होता, त्यांना माईंनी माझ्याच फोनवरून गाठलं. तुमच्याकडं भाजी कुठनं येते, असं विचारलं. घाटावरून येते आणि महाग पडते, असं काकू म्हणाल्या. मग माईंनी एक पोतं कांदा, फ्लॉवर आणि मेथीच्या जुड्या आणायचं ठरवलं, आणि काकूंनी दोघांच्या जेवणाचे पैसे सोडून दिले. पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे, पण असला डिस्काउंट मला कुणी दिला नव्हता.

सोमवारी पहाटे निघालो. माई नव्या लुगड्यात, पायात नवी चप्पल, खिडकीची सीट. नऊच्या सुमारास भोरच्या पुढं, घाट लागायच्या आधी चहाला थांबलो. तिथं तात्यांचा फोन वाजला. गावातून पुतण्या बोलत होता. पाणी सुटलं होतं, आणि उद्या सकाळी तात्यांचा नंबर होता.

हे जरा समजावून सांगते. कालव्याचं पाणी महिना-सव्वा महिन्यानं सुटतं आणि प्रत्येक शेताला आपल्या नंबरप्रमाणं ठरावीक तास मिळतं. त्या तासांत शेतात कुणीतरी उभं राहून वाफ्यांची तोंडं उघडायची आणि बांधायची असतात. त्याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. माणूस नसलं की पाणी पुढच्या शेताला जातं. तात्यांचा गहू पोटरीत आलेला, म्हणजे ओंब्या बाहेर पडायच्या बेतात. या वेळचं पाणी चुकलं तर दाणा भरणार नाही. विहिरीला जेमतेम अर्धा तास पाणी. मुलगा चाकणला कंपनीत, त्याला रजा मिळत नाही. पुतण्याचा स्वतःचा नंबर त्याच वेळी, दुसऱ्या चारीला, म्हणजे कालव्याच्या दुसऱ्या फाट्यावर.

"ताई, हितनं बारामतीला येष्टी कवा हाय?" तात्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी नेलं असतं तर आज हे दोघं समुद्र बघून घरी असते. मी म्हटलं, "तात्या, चूक माझी आहे. परत जायचं असेल तर शिरवळहून गाडी मिळेल, आणि तुमचे सगळे पैसे मी परत देईन."

"तुझं काय चुकलं? पाणी हाय ते," तात्या म्हणाले, पण आवाज पडला होता.

डाळजची मंडळीही शेतकरीच. दहा जणांची अकरा मतं निघाली. एक म्हणाला गहू सोडू नका, दुसरा म्हणाला माईंना आम्ही नेतो, तुम्ही जावा. या सगळ्या गलक्यात माई मात्र बशीतून चहा पीत बसल्या होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना.

तात्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं तरी तिथंच होते. मग आले आणि माईंच्या शेजारी बाकावर बसले.

"जाऊ दे गहू," ते म्हणाले. "पन्नास वर्सं ह्या पाण्यापायीच ऱ्हायलं. चला फुडं."

माईंनी बशी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. "गहू कशापायी जातोय?" त्या म्हणाल्या. "तुमी सोमवार ठरवून आला त्याच दिवशी सुमनला सांगून ठेवलंय. आपल्या नंबरला ती दारं धरती. तिच्या नंबरला तुमी जायचं."

सुमन म्हणजे त्यांच्या बांधाला बांध लागून असलेली शेजारीण. असे नंबर सांभाळणं एकमेकांत चालतं, पण ते ठरवतात पुरुष. म्हणून सुमनला विचारावं हे तात्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग मगापासनं गप का बसलीस?"

"बघत व्हते," माई म्हणाल्या. "मला हो म्हणताय का पाण्याला."

डाळजवाले इतके हसले की चहावाला गाळणं हातात घेऊन बाहेर आला. तात्या कानापर्यंत लाल झाले. मीही हसत होते, पण माझे डोळे भरून आले होते, ते खोटं का सांगू?

श्रीवर्धनला पोचलो तर ओहोटी लागलेली. समुद्र लांब गेलेला आणि मधे नुसती ओली वाळू. माईंचे गुडघे तेवढं चालायला तयार नव्हते. तात्यांनी सगळ्यांसमोर त्यांचा हात धरला आणि दोघं हळूहळू पाण्यापर्यंत गेले. मी चपला सांभाळत मागून चालले होते. घोटाभर पाण्यात माई बराच वेळ उभ्या राहिल्या.

"एवढं पाणी," त्या म्हणाल्या, "आन् कुणाचा नंबर न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंचा फोन आला. पाणी गव्हात शिरलं होतं. माईंनी फोन लाटांकडे धरला, ऐक म्हणाल्या. पलीकडून सुमनताईंनीही फोन पाटाकडे धरला असावा, कारण तात्या कान लावून बसले आणि मग पहिल्यांदा निवांत झाले. आठ हजारांत टूर पार पडली. मला त्यात फारसं काही सुटलं नाही, आणि तेच बरं वाटलं. माईंचं ऑपरेशनही झालं. आता त्या काठी न घेता गोठ्यापर्यंत जातात.

या टूरनंतर मी बुकिंगच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवले. आधार नंबरच्या खाली: कालव्याचं पाणी कधी? दारं कोण धरणार? बारामती शहरातलं गिऱ्हाईक हसतं आणि पुढं जातं. हसू देत. आपण तारीख स्वस्तातली बघतो, पण गिऱ्हाइकाची तारीख कशाला बांधलेली आहे ते आधी विचारायला हवं.

परवा वरकुट्याहून सुमनताई आल्या होत्या. तीन दिवस, श्रीवर्धन, सोमवारीच. फॉर्म त्यांनी स्वतः भरला. 'दारं कोण धरणार' पुढं त्यांनी तात्यांचं नाव लिहिलं होतं.