ट्रेलरचाचांची चाकांवरची खोली

ट्रेलरचाचा कोणाचीही बॅग हातात घेतली की तिचं वजन सांगायचे. जेद्दात आमच्या अझीझियाच्या इमारतीतून कोणी गावाला निघालं, की बॅगा भरून झाल्यावर चाचांना हाक जायची. ते एक बॅग उचलत, क्षणभर डोळे मिटत आणि म्हणत, "एकतीस. साबण काढा." मग बॅग काट्याला अडकवून तोलली तर एकतीसच भरायची. त्यांनी जन्मभर या देशात मोठा ट्रेलर चालवला, म्हणून लहानथोर सगळे त्यांना ट्रेलरचाचाच म्हणत. ते रत्नागिरीकडचे, आम्हीही तिकडचेच. ते वरच्या मजल्यावर राहत, आम्ही तळाला. माझे मिस्टर शराफियात कपड्यांच्या दुकानात असतात, त्यामुळे दिवसभर मला बोलायला माणूस म्हणजे चाची, चाचांची बायको. दुकानात कोथिंबीर मागायची तरी मी घरून मनात वाक्य जुळवून जाणारी. चाचीपुढे तेवढं जुळवावं लागत नसे.

चाची लग्नानंतर कितीतरी वर्षं गावालाच होती. चाचा ट्रेलर घेऊन उत्तरेकडे जात आणि वाटेवर थांबून तिला फोन करत. एकदा तबूकच्या डोंगरातून, एकदा उमलुजच्या समुद्राकाठून. समोर काय दिसतंय ते सगळं सांगत आणि शेवटी म्हणत, "हे तुला दाखवायचं राहिलंय." ती इथे आली तेव्हाही ते रस्त्यावरच असत. तिने पाहिलं ते आमची गल्ली, शराफियाचा बाजार आणि उमऱ्याला जाताना मक्केचा रस्ता. ती म्हणायची, "हा देश मी फोनवरच ऐकला गो बाय."

चाचांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांच्या कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, जुना माणूस म्हणून आणखी एक वर्ष त्यांचा इकामा, राहण्याचा परवाना, चालू ठेवला. वर्ष संपलं की एक्झिट, म्हणजे देश सोडायचा शिक्का, मग कायमचं गाव. त्याच महिन्यात चाचा एक कॅरॅव्हॅन घेऊन आले. देश सोडून चाललेल्या कोणा इंजिनीयरची ती जुनी, पांढरी, चाकांवरची खोली होती. आत एक पलंग, दोन शेगड्या, एक मोरी. त्यांच्या जुन्या पिकअपच्या मागे ती जोडून त्यांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली. चाची खाली उतरून आली. सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाली, "वरची खोली पुरत नव्हती वाटतं, आता खोलीला चाकं लावून आणलीत."

"एक महिना फिरायचं," चाचा म्हणाले. "जिथून जिथून फोन केला, तिथे तिथे."

घाई होती ती चाचीच्या डोळ्यांची. साखरेमुळे तिच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरत होतं. दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यायला जावं लागे. डॉक्टर सांगत, आहे तेवढं टिकवायचं. चाचांना हे ठाऊक होतं. पण किती राहिलंय, ते तिने त्यांना कधी नीट सांगितलं नाही.

सामान भरायचं काम आम्हा दोघींकडे आलं आणि आम्ही ते गल्फच्या बायकांसारखं केलं. गावाला जाताना आमच्यात रिकामं भांडं नेत नाहीत. कुकरमध्ये डाळ, डब्यात डबा, पेल्यात वेलची, बुटात मोजे, मोज्यात अत्तराची बाटली. तसंच आम्ही त्या खोलीत केलं. पलंगाच्या मागे, अगदी शेपटीच्या कोपऱ्यात, पाण्याचे मोठे कॅन, तांदळाची गोणी आणि दहा नारळ ठेवले, म्हणजे पुढे चाचीला पाय पसरायला जागा राहील. चाचा आम्हाला घेऊन बाहेरच्या सरळ रस्त्यावर गेले. थोडा वेग आला आणि मागची खोली डोलायला लागली, तिने पिकअपलाही डोलवलं. चाची माझा हात धरून कलमा पुटपुटू लागली. चाचांनी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू वेग उतरवला आणि बाजूला थांबले. मग तिथेच, रस्त्याच्या कडेला, काटा काढून एकेक वस्तू तोलायला बसले.

"जड माल चाकांवर, थोडासा पुढे," ते मला शिकवल्यासारखं म्हणाले. "शेपटी जड झाली की ती डोक्याला फिरवते."

"म्हणजे या घरात शेपटी मी का?" चाचीने विचारलं.

"तू फिरवतेस, ते मला लग्नापासून माहीत आहे." मग त्यांनी कुकर उघडला, डाळ पाहिली आणि हसले. "आपण गावाला नाही चाललो, बाय. थोडी रिकामी जागाही बरोबर न्यायची आहे."

दहातले आठ नारळ माझ्या घरी आले. कुठलं सामान कुठे ठेवलं ते चाचीला सापडावं म्हणून मी कपाटांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या. मी चौथीपर्यंतच शिकलेली, पण माझं अक्षर मोठं आहे. साखर, मीठ, औषध. काही दिवसांनी चाची म्हणाली, जरा मोठं काढ. मी मोठं काढलं. मग म्हणाली, काळ्या पेनाने काढ. मग एके दिवशी मी आत गेले तर ती "मीठ" लिहिलेल्या चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवत होती. ती चिठ्ठी तिने बाकीच्यांपेक्षा किंचित तिरकी चिकटवून घेतली होती, बोटाला कळावी म्हणून. मला पाहून म्हणाली, "यांना बोलू नकोस. माझी शपथ आहे. घाबरले तर गाडी चालवायचे नाहीत, मला दवाखान्यातच बसवून ठेवतील." मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

चाचांचं एकच होतं, तयारी पुरी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. "रस्ता माफ करत नाही," असं ते म्हणत. मागच्या दिव्यांची वायर बदलली. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरलं. गॅसची नळी नवी घातली. मग उन्हाळा आला. एवढ्या उन्हात टायर फुटतात म्हणून उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं ठरलं. वर्षातले सात महिने असे गेले.

त्या दिवसांत ते रोज दुपारनंतर मागे जाण्याचा सराव करत. मागे खोली जोडलेली असली की सगळं उलटं होतं. पिकअप डावीकडे वळवावी तर शेपटी उजवीकडे जाते. ट्रेलरच्या माणसाला हे नवं नव्हतं, पण मागे उभं राहून सांगणारं कोणीतरी लागतंच. चाचीची नजर कमी, म्हणून मी उभी राहायची. मला दोनच शब्द दिले होते, "या" आणि "थांबा". पहिल्या दिवशी माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही आणि खोलीचा कोपरा भिंतीला घासला. ते उतरले, पोचा पाहिला आणि म्हणाले, "तू नाही बोललीस तर भिंत बोलते, बाय. तिचा आवाज महाग पडतो." त्यांनी रागावून म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेले नसते. ते हसून म्हणाले, म्हणून गेले आणि ओरडले. वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या.

उन्हाळा सरल्यावरची गोष्ट. सराव चालू असताना चाचा खिडकीतून म्हणाले, "टायर चांगलेच आहेत, पण पुढच्या महिन्यात नवे येणार आहेत. ते घालू आणि मग निघू." आणि गाडी मागे घेऊ लागले. मी "थांबा" म्हणाले. ते थांबले, उतरून मागे आले. भिंत चांगली सहा हात लांब होती.

"कशाला थांबवलंस? जागा आहे की."

मी मनात काहीच जुळवलं नव्हतं. "जागा आहे, चाचा, पण दिवस नाहीत. चाचींना माझी अक्षरं दिसत नाहीत. चिठ्ठ्या बोटाने वाचतात. त्यांनी मला शपथ घातली होती."

चाचांनी खोलीच्या पत्र्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "घरी जा, बाय. ऊन आहे." ऊन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, फजरच्या नमाजानंतर, ते दोघं जुन्याच टायरवर निघाले. चाचीने जाताना माझ्याकडे रोखून पाहिलं, म्हणजे त्या अंधुक उजेडात माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. "शपथ मोडलीस," ती म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावला.

महिन्याने ती परतली तेव्हा मला शेजारी बसवून सगळं सांगितलं. उमलुजला चाचांनी तिला पाण्यात गुडघ्यापर्यंत नेलं होतं. "आपल्या गावच्या समुद्रात पाय दिसत नाहीत गो. तिथे मला माझी बोटं दिसली. दहाच्या दहा मोजली." पुढे आवाज उतरवून म्हणाली, "तबूकला पोचेपर्यंत मात्र उशीर झाला, डोळ्यांत पुन्हा रक्त उतरलं. यांनी खोली डोंगरासमोर लावली, मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, दिसतो? मला समोर नुसता धूर. मी म्हटलं, दिसतो, केवढा लाल आहे. फोनवर हे लाल सांगायचे ना, तेच सांगितलं. खूश झाले."

वर्ष संपलं. खोली विकली गेली. एक्झिटच्या दिवशी बॅगा टॅक्सीत चढवून झाल्यावर चाचा माझ्या दाराशी आले. चाची टॅक्सीत बसली होती.

"तू दोन महिने आधी का नाही बोललीस, बाय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते पुढे म्हणाले, "तबूकला त्या दिवशी धूळ होती. डोंगर राखाडी होता. ती म्हणाली, लाल." मग त्यांनी टॅक्सीकडे पाहिलं. "तिला बोलू नकोस."

आता ते दोघं गावी आहेत. चाचीला काहीच दिसत नाही. मी शुक्रवारी फोन करते. जेवण काय, गुडघे कसे, हे बोलून झालं की ती प्रवासाकडे वळते आणि तबूकच्या डोंगरापाशी आली की म्हणते, "काय लाल होता गो." तेवढ्यात मागून चाचांचा आवाज येतो, "लालच होता. मी होतो ना तिथे."