बंद क्रेनचा हॉर्न

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आईचा विरोध पत्करून अमावस्येला नवी स्कूटर घरी आणलेली आहे मी! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी सेफ्टी ऑफिसर. राहते रोडपालीला, तेव्हा काम खारघरच्या टोकाला, ओवे गावाजवळच्या एका टॉवरच्या साइटवर होतं. सळया बांधणारा एक कामगार वरून पडला. खाली जाळी नव्हती. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. जाळ्या लागेपर्यंत काम बंद, असं युनियनने जाहीर केलं आणि सगळे गेटबाहेर, कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत ठाण मांडून बसले. बायका, पोरं, सगळे.

चार-पाच दिवस असेच गेले. एका दुपारी मॅनेजर मला म्हणाले, "तुमचं ऐकतात ते. उठवा त्यांना."

मी गेले. युनियनचे हसुरामदादा ओव्याचेच. पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर राग नाय आमचा. पन जाल्या लागल्याबिगर आमी हितून उठनार नाय."

मागणी तर माझीही तीच होती. मी त्यांच्यातच बसले. शेजारी टॉवर क्रेनचे ऑपरेटर, रफीकभाई. घोषणा चालू होत्या.

आणि वरून क्रेनचा हॉर्न वाजला. लांबलचक... दोनदा.

क्रेन डोक्यावरून माल नेते तेव्हा ऑपरेटर हा हॉर्न देतो. तो ऐकला की खालच्यांनी विचार न करता बाजूला व्हायचं, ही साइटवरची सवय. सगळे उठले. बायकांनी पोरं उचलली, आणि आम्ही रस्त्यापलीकडे गेलो.

"क्रेन कोण चालवतंय?" मी ओरडले.

रफीकभाईंनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "मॅडम, केबिन की चाबी तो मेरे पास है... और लाइट तो कब से बंद है!"

खरंच होतं. संप सुरू झाला तेव्हाच क्रेनची वीज तोडली होती. वर पाहिलं — क्रेन निश्चल.

तेवढ्यात भिंत कोसळली. आतून तिला टेकून रचलेला मातीचा ढीग भिंतीसकट बाहेर आला, आम्ही बसलो होतो तिथेच. पाण्याचं पिंप पार चेपलं. धूळ खाली बसली. मग एकेक पोर हाका मारून शोधलं. कोणाला ओरखडाही नव्हता.

हसुरामदादा मान वर करून क्रेनकडे बघत होते. "वर कोन व्हता रं?" एवढंच विचारत राहिले.

मॅनेजरना वाटलं, युनियनचाच कोणीतरी वर चढला असेल. मी, रफीकभाई आणि इलेक्ट्रिशियन जाऊन बघून आलो. केबिनला कुलूप, हॉर्नला करंट नाही. हायवेवरचा ट्रक असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. पण ट्रकच्या हॉर्नला साइटवरचं माणूस उठत नाही हो!

त्यानंतर जाळ्या लागल्या, काम सुरू झालं. रफीकभाई मात्र त्या क्रेनवर पुन्हा चढले नाहीत. आता द्रोणागिरीला एका गोदामात असतात.

माझं खरं डोकं फिरलं ते नंतर. एका कामगाराने त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. मी तो कितीदा तरी पाहिलाय, हेडफोन लावूनही. घोषणा स्वच्छ ऐकू येतात. मागे कोणाचं तरी पोर रडतंय, तेही येतं. मग घोषणा एकदम तुटते, सगळ्यांच्या माना एकाच वेळी वर जातात, सगळे उठून पळतात. माझा आवाज येतो — "क्रेन कोण चालवतंय?"

हॉर्न कुठेच नाही.