माय दमली होती, तिला दमा नव्हता

"तुम्हा लोकांना तीर्थयात्रेचं आजारपणही कंपनीच्या खर्चानं पाहिजे का हो?"

जालन्याच्या विमा कार्यालयातले साहेब असं म्हणाले. आवाज न चढवता, हसत. शेजारच्या टेबलावरच्या बाईही हसल्या. माझी माय माझ्या बाजूला बसली होती, पांढऱ्या साडीत, पदराला धम्मचक्राची पिन लावून. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरजच नव्हती.

साहेबांच्या बाजूच्या खुर्चीत आमचे सर बसले होते. आष्टीच्या शाळेत मला मराठी शिकवलेले. निवृत्तीनंतर विमा विकू लागले. माय लुंबिनीला निघाली तेव्हा तेच घरी आले. "नेपाळ जवळ असलं तरी परदेशच. दवाखाना लागला तर खर्च कंपनी देते. काही झालं तर मी आहे ना." मी विमा घेतला तो त्या शेवटच्या वाक्यावर. सर खोटं बोलतील असं मनातही आलं नाही.

लुंबिनीत मायला न्यूमोनिया झाला. मी विम्याच्या नंबरावर फोन केला. आधी तुम्ही भरा, मग मिळेल, असं उत्तर आलं. मी बांगड्या मोडल्या आणि भरलं. माय वाचली. ती गावी परतल्यावर क्लेम टाकला, तर तो नामंजूर. कारण काय, तर जुना दमा लपवला.

"माझ्या आईला दमा नाही. कधीच नव्हता," मी म्हणाले.

साहेबांनी सरांकडे बोट केलं. "तुमच्या सरांनीच चौकशीत सांगितलंय. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून आहे म्हणे."

सर खिडकीबाहेर बघत होते.

आणि मला सातवीचा वर्ग आठवला. पालकसभेला माझ्या घरचं कुणी आलं नव्हतं. सरांनी उभं केलं. मी म्हणाले, "सर, माय दिवसभर कापूस येचून दमली." वर्ग हसला. सर म्हणाले, "माय नाही, आई. येचून नाही, वेचून. दमली नाही, थकली. म्हण." तीन-तीनदा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून मायला चारचौघांत मी आई म्हणू लागले. दमणं तर मी तोंडातून काढूनच टाकलं. शुद्ध बोललं की आपल्यालाही माणसांत धरतील, असं वाटायचं. किती भोळी होते मी!

म्हणजे ज्या माणसानं मला दमणं म्हणजे थकणं हे वर्गासमोर घोकायला लावलं, त्याच माणसानं त्या दमण्याचा दमा केला. न कळून नव्हे. कळूनसवरून.

बाहेर आल्यावर सर मागोमाग आले. "पोरी, रागावू नको. वरून विचारणा होती. मला रोज त्यांच्यात बसावं लागतं." मग हळूच म्हणाले, "आजार जुना होता, सांगायचं राहून गेलं, एवढं कबूल कर. साहेबांना सांगून थोडंफार मिळवून देतो. माणुसकी म्हणून."

मी बोलणार तोच माय बोलली. ऑफिसात तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"गुर्जी, म्या तिथं पंचशील घेऊन राह्यले होते. खोटं बोलणार न्हाई म्हून. अन् तुमी मला खोटारडी करून राह्यले? पैका न्हाई भेटला तर न्हाई. पण दमा न्हाई मला. बिलकुल न्हाई."

सरांची मान खाली गेली. मला त्यांची दया आली नाही. इतकी वर्षं दिसले की वाकून नमस्कार केला होता. त्या दिवशी हात जोडावेसेही वाटले नाहीत.

"सर, माणुसकी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले. "आम्ही हप्ता भरलाय. भीक मागायला आलो न्हाई."

न्हाई. सरांसमोर, इतक्या वर्षांनी. आपसूक आलं.

मी वडीगोद्रीला शिक्षिका आहे. शाळेतल्या बाया विचारतात, प्रवासाचा विमा घ्यावा का? मी म्हणते, घ्या. पण ओळखीच्या माणसाच्या गोड बोलण्यावर घेऊ नका. काय मिळणार न्हाई ते आधी विचारा, आणि आपल्या तब्येतीचं आपणच सांगा. आपल्या वतीनं दुसऱ्याला बोलू दिलं की तो आपलं काहीही करतो.

माझी तक्रार कंपनीकडे गेली आहे. तिथं दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाईल, मग ग्राहक न्यायालयात. निकाल काय लागेल ठाऊक नाही. पण तडजोडीची सही करणार नाही. तक्रारीचं पहिलं वाक्य मी मायला विचारून लिहिलं: 'माझी माय दमली होती. तिला दमा नव्हता.'

लिहून देणारा वकील म्हणाला, "मॅडम, आई लिहू. थकली लिहू. बरं दिसतं."

मी म्हणाले, "माय. दमली. असंच लिहा."