मावशींच्या मुलींचे पत्ते
बाळांनो, काल प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला आणि इंदापूरच्या मुलींच्या वसतिगृहातली एक दुपार आठवली, म्हणून लगेच लिहिते. मी तिथे रेक्टर होते. स्वयंपाकाच्या मावशी निवृत्त होणार होत्या आणि जुन्या मुलींना निरोपसमारंभाची पत्रं त्याच दिवशी टपालात टाकायची होती. पत्ते जुन्या डेटाबेस फाइलमध्ये होते. मेल मर्ज केलं, म्हणजे यादीतले नाव-पत्ते पत्रांत आपोआप भरायला लावले, तर प्रत्येक पत्रात नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा! "बाई, निरोप आता पुढच्या वर्षी देऊ," कारकून हसले. दारात उभ्या मावशी मात्र रडवेल्या झाल्या. "माज्या पोरी हरवल्या का काय?" मी एकेक गोष्ट तपासत गेले. फाइल धड होती. नावं फक्त जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती आणि तो फॉन्ट आमच्या संगणकावर नव्हता. बारामतीच्या डीटीपीवाल्याकडून तो फॉन्ट ईमेलवर मागवला, नाव-पत्त्याच्या रकान्यांना लावला, पुन्हा मर्ज केलं, आणि पहिलंच नाव स्वच्छ मराठीत उमटलं. मी ते मोठ्यानं वाचलं. "आगं बया, ही तर शेळगावची! हिला करपल्याली भाकरीच लागायची," मावशी ओरडल्या. सगळी पत्रं संध्याकाळच्या टपालात गेली आणि समारंभाला अंगण पुरलं नाही. मावशी आता नाहीत. त्यांच्या पोरींची यादी माझ्याकडे अजून उघडते.