दुधावरचं झाकण

गंगापूरच्या घरी कपडे वाळत घालत होते, तेव्हा उस्मानपुऱ्यातून अक्काच्या शेजारणीचा, शबानाभाभींचा फोन आला. "ताई, निकलो आप. अक्का गयी..." मी दोनच दिवसांसाठी गावी आले होते. एसटीत एक जागा धरवेना. आधी पुढच्या बाकावर, मग दारापाशी, पुन्हा मागं. त्याला महिना झाला, तरी अजून तसंच चाललंय.

अक्का माझी थोरली बहीण. शाळेत मराठी शिकवायची, बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. मी तिच्याकडे राहायला आले. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. मी फळांची चित्रं समोर धरायचे, 'आंबा' म्हण, म्हणायचे. ती खिडकीकडे बघत बसायची. मी चिडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे. अन् एका सकाळी तिच्या मांजरीनं, बेगमनं, उघड्या दुधात तोंड घातलं. मागून आवाज आला, "मेले!" तीन महिन्यांनी अक्काचा पहिला शब्द... तोही शिवी.

एवढं होऊनही मला अक्कल आली नाही. जित्याची खोड! स्वच्छतेचं माझं वेड घरात सगळ्यांना ठाऊक. आजारी माणसाच्या अंथरुणात मांजराचे केस कशाला, म्हणून एक दिवस बेगमला पिशवीत घातलं आणि दूधवाल्याला म्हटलं, लांब कुठंतरी सोड. अक्काला सांगितलं, गेली असेल कुठं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. जेवण सुटलं, झोप उडाली, रक्तदाब चढला. चौथ्या दिवशी मी दूधवाल्यापुढं हात जोडले. तो मान खाजवत म्हणाला, "बाई, सोडलीच नाय तिला. गोठ्यात उंदरं लई झाल्ती."

बेगम आली ती थेट अक्काच्या लुळ्या हाताला बिलगली. व्यायामाचा रबरी चेंडू दाबायला कंटाळणारी ती बोटं मांजरीच्या मानेवर हळूहळू फिरायला लागली. मी दूध मुद्दाम उघडं ठेवू लागले. एका शिवीपायी पावशेर दूध गेलं तरी चालायचं. 'मेले'नंतर 'ये' आलं, 'दूध' आलं. आणि एकदा, माझ्याकडे बघत, "खोटारडी." ते मांजरीला नव्हतं. मी मान खाली घातली. अक्कानं डाव्या हातानं माझा कान पिळला आणि हसली. माफी मागायची राहूनच गेली. वाटलं होतं, तिला नीट बोलता आलं की मागू.

मी अजून तिथंच राहते. बेगम घरभर फिरते, मीही फिरते. दूध तापवते, झाकण ठेवते, बसते, पुन्हा उठून झाकण काढते. काल बेगमनं पातेल्यात तोंड घातलं. मी ओट्यापाशीच होते. सवयीनं ओठांवर आलं, "मे..." पुढचं अक्षर काही फुटेना.

बेगमनं मान वर केली. अक्काच्या रिकाम्या पलंगाकडे बघत, शिवी यायची वाट पाहत थांबली.