पासंगकाकांच्या घरातलं शिसं

पासंगकाकांचं खरं नाव बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनीही ते सांगायची तसदी कधी घेतली नाही. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो तुकडा बांधतात, तो पासंग. असले पासंग काढून टाकण्यात काकांचा जन्म गेला, म्हणून हे नाव. किराणावाले, भाजीवाले, भंगारवाले, सगळे आपली लोखंडी वजनं त्यांच्याकडे आणत. वापरून वापरून वजन झिजतं आणि हलकं होतं. त्याच्या बुडाला एक खोबण असते. काका पळीत शिसं वितळवून त्या खोबणीत ओतायचे, थंड झालं की अस्सल वजनासमोर काट्यावर ठेवायचे, आणि जड भरलं तर शिसं थोडं थोडं खरवडायचे. खरवडलं की तोंडाने फुंकर. खोबणीत एक कण राहिला तरी काटा खोटं बोलतो, असं ते म्हणत. मग वजनमापं खात्याचा इन्स्पेक्टर येऊन त्याच शिशावर त्या वर्षाचा शिक्का ठोकायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक बाक, एक शेगडी, भिंतीला टांगलेले काटे. खिडकी होती, पण ती बंदच. वाऱ्याची झुळूक आली तरी पारडं हलतं.

काकांची दुसरी ओळख म्हणजे राग. पारड्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी ते वसकन अंगावर यायचे. काकू म्हणायच्या, राग यांच्याकडे येत नाही, हेच रागाच्या घरी भाड्याने राहतात. गिऱ्हाइकं हसायची आणि वजनं ठेवून जायची, कारण काम चोख होतं.

हा राग एकाच माणसापुढे चालत नसे, ती म्हणजे त्यांची मुलगी बबी. ती त्या बाकाखालीच रांगली, तिथेच वाढली आणि पुढे बापाचंच काम शिकली. लग्न झालं तरी राहायला दोन गल्ल्या पलीकडेच. नवरा मालवाहू गाडीवर, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यामुळे बबी रोज सकाळी दुकानात हजर. शेवटचं बारीक खरवडणं तिच्याकडे असायचं, कारण तिचा हात दगडासारखा स्थिर होता. या वर्षी ती गरोदर होती. त्याआधीचं मूल तिसऱ्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोठ्याने आनंदसुद्धा करत नव्हतं.

वार्षिक तपासणी जवळ आली होती आणि बाकावर वजनांचा ढीग होता, तेव्हा काकांच्या लक्षात आलं की पळी उचलली की आपलं उजवं मनगट खाली लोंबतं. पोटात अधूनमधून मुरडा येई. कुणाची वजनं कुठली, हेही विसरायला होऊ लागलं. काका म्हणाले, वय झालं. काकू म्हणाल्या, वय माझंही झालंय, माझा हात नाही लोंबत. आणि त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या.

दवाखान्यातली डॉक्टरबाई तरुण होती. दुखतं काय हे विचारायच्या आधी तिने काम काय करता हे विचारलं. शिसं म्हटल्यावर तिने हातातलं पेन खाली ठेवलं. काकांना दंड साबणाने दोनदा धुऊन यायला सांगितलं, कारण कातडीवरची धूळ सुईबरोबर आत गेली तर तपासणीच चुकते. मग शिरेतून रक्त काढलं.

काही दिवसांनी अहवाल आला. रक्तातलं शिसं पाचाच्या पुढे गेलं की डॉक्टर काळजी करू लागतात. काकांचा आकडा पन्नासच्या वर होता. डॉक्टरबाईने सगळं सावकाश समजावलं. शिसं श्वासातून जातं, बोटांवरून तोंडात जातं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत साठवून ठेवतं. मनगट, पोट, विसरभोळेपणा, सगळं त्यातलंच. चिडचिडसुद्धा त्यातली असू शकते.

“म्हणजे इतकी वर्षं मी यांच्याशी नाही, शिशाशी संसार केला?” काकू म्हणाल्या. त्या हसत बोलल्या, पण बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टरबाईने काम लगेच बंद करायला सांगितलं, मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली. मग विचारलं, घरात आणखी कोण असतं? लहान मूल? कुणी गरोदर? काकांनी उलट विचारलं, असलं तर काय होतं? ती म्हणाली की आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत पोचतं, गर्भाशयातली वार त्याला अडवत नाही. बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. आणि कधी कधी गर्भच टिकत नाही.

काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, “आम्ही दोघंच असतो.”

घरी येताना काकूंनी रस्त्यातच त्यांना थांबवलं आणि हे काय बोललात म्हणून विचारलं. काका म्हणाले, बबीला मी सांगतो, माझ्या तोंडून कळू दे, तू मध्ये पडू नकोस. काकूंनी उद्यापर्यंतची मुदत दिली.

खरं तर त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यामागे दुसरं वाक्य उभं होतं, की आधीचं मूलही माझ्याच दुकानाने नेलं असेल. पहिलं बोललं की बबी दुसरं विचारणार, हे त्यांना माहीत होतं. सकाळी ती नेहमीसारखी आली, पदर खोचला, कानस उचलली. काकांनी रात्रभर जुळवलेलं सगळं तसंच राहिलं आणि बाहेर आला तो राग. उद्यापासून इथे यायचं नाही, म्हणाले. तिने का म्हणून विचारलं. तेव्हा तिला वर्मी लागेल असं शोधून ते बोलले, “तुझ्या हातात आता पूर्वीची सफाई राहिली नाही.”

बबीने कानस खाली ठेवली आणि निघून गेली. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. दुखावली तर दुखावली, शिशापासून लांब तर गेली. काकूंना त्यांनी सांगितलं की झालं बोलून. दुकानाला कुलूप लावलं आणि ते मोठ्या रुग्णालयात औषधासाठी खेपा घालू लागले. बबी रुसली आहे, दोन दिवसांनी येईल, असं काकूंनाही वाटलं.

बबीने मात्र आपल्या परीने वेगळाच अर्थ लावला होता. बाबांचं मनगट तिने पाहिलं होतं. हात चालत नाही हे त्यांना कबूल करवत नाही, म्हणून माझ्या हाताला नावं ठेवतात, असं तिला वाटलं. आणि तपासणी तर तोंडावर आलेली. दुकानाला कुलूप बघून किराणावाला आपली वजनं घेऊन थेट तिच्या दारात आला, त्याच्या मागोमाग आणखी दोघं. बापाची लाज राखायची म्हणून तिने ती ठेवून घेतली. भंगारवाल्याकडून शिसं आणलं, जुनी पळी काढली, आणि काटा हलू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली.

हे काकांना कळलं ते किराणावाल्याकडूनच. रस्त्यात भेटून तो कौतुकाने म्हणाला, पासंगकाका, लेकीने तुमचं नाव राखलं बरं का, घरी बसून सगळी वजनं करून देतेय. काका तिथूनच वळले. त्या वयात आणि त्या तब्येतीत ते दोन गल्ल्या कसे पळाले, याची चर्चा पुढे बरेच दिवस बाजारात चालली होती.

दार उघडंच होतं. आत गॅसवर पळी, ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी वजनं, आणि बबी वाकून एका खोबणीत फुंकर मारत होती. काकांनी डाव्या हाताने गॅस बंद केला आणि खिडकी उघडायला गेले, पण कडी त्यांना निघेना.

“आता काय चुकलं?” बबी म्हणाली. “हात बघा माझा. कुठे हलतोय?”

“हाताचं मी खोटं बोललो,” काका म्हणाले. “माझ्या रक्तात शिसं भरलंय बबे. डॉक्टरबाईने विचारलं होतं, घरात गरोदर कुणी आहे का. मी नाही म्हणालो.”

बबीने त्यांना बाजूला करून कडी काढली. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं.

“आधीचं बाळ त्यानेच गेलं का?”

“माहीत नाही,” काका म्हणाले. “खरंच माहीत नाही.”

तिचं रक्त दुसऱ्याच दिवशी घेतलं. अहवाल यायला आठवडा लागला आणि तो आठवडा त्या घरातल्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाळ जरा वेळ हललं नाही की बबी बोलता बोलता थांबायची, आणि ती थांबली की काकूही थांबायच्या. काकूंनी दोन्ही घरं ओल्या फडक्याने पुसून काढली, कारण झाडूने धूळ नुसती जागा बदलते. बाकाखालची फरशी पुसताना पाणी करडं झालं, पुन्हा पुसलं तरी करडंच.

आकडा आला चौदा. बापाच्या मानाने लहान, पण बाळासाठी नको इतका मोठा. शिसं बाहेर काढायचं औषध या अवस्थेत, या आकड्याला देत नाहीत, असं डॉक्टरबाई म्हणाली. दूध, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, शिशापासून लांब, आणि महिन्याने पुन्हा तपासणी.

महिनाभर बबीने वजनाकडे ढुंकून पाहिलं नाही. पुन्हा रक्त दिलं आणि आकडा आला सतरा.

नवरा तिच्यावर उखडला. चोरून जातेस का तिकडे, म्हणाला. ती शपथा घेऊन थकली. शेवटी सगळेच डॉक्टरबाईसमोर जाऊन बसले. ती म्हणाली, हे बाहेरून आलेलं नाही. बाळाची हाडं तयार होताना आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं, आणि त्याच्याबरोबर जुनं साठलेलं शिसंही. हे बहुतेक अगदी लहानपणापासूनचं असणार. तेव्हा काय काय झालं होतं, ते तिला जाणून घ्यायचं होतं.

या वेळी काकांनी काही लपवलं नाही. पळीच्या तळाशी उरलेल्या शिशाच्या ते बबीसाठी छोट्या चिमण्या ओतायचे. दात येत होते तेव्हा ती फार रडायची. हातात चिमणी दिली की चावत बसायची आणि गप्प व्हायची. “गप्प व्हायची म्हणून देत राहिलो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. इतका शांत आवाज बबीने आयुष्यात ऐकला नव्हता आणि तिला त्याचीच भीती वाटली.

“मला आठवतात त्या,” एवढंच ती म्हणाली.

मुलगी जराशी आधी जन्मली, पण रडली छान. नाळेतलं रक्त तपासायला गेलं. या खेपेला आकडा बारा होता. डॉक्टरबाईने खोटा धीर दिला नाही आणि घाबरवलंही नाही. शून्य असतं तर बरं झालं असतं, म्हणाली, पण हा आकडा उतरू शकतो. अंगावरचं दूध जरूर पाजा. महिन्याने पुन्हा बघू. आणि काकांना वेगळं बसवून सांगितलं की तुमच्या रक्तातलं शिसं शिवण्याने कुणाला लागत नाही, स्वच्छ असलात की झालं.

काकांचं औषध चालू होतं. ते रोज अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बबीकडे येत आणि दाराबाहेर खुर्ची टाकून नातीला लांबून बघत. काकू म्हणाल्या, वॉचमन ठेवलाय फुकटचा. काका चिडले नाहीत.

एक दिवस बबीने विचारलंच. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, घेतल्याने काही होत नाही? माहीत आहे, ते म्हणाले. मग? तर म्हणाले, पुढच्या महिन्याचा आकडा तेवढा कळू दे.

“आणि वाढला असला तर?” बबी म्हणाली. “तर तेव्हा पुन्हा लांब बसणार? मला तेव्हा माणूस लागेल बाबा. आत या.”

काका आत आले, भिंतीला टेकून खाली बसले. बबीने मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या उजव्या मनगटाखाली स्वतःचा हात धरला. मुलगी झोपेत तोंड हलवत होती. तिच्या तोंडात काही गेलं तर नाही ना, म्हणून काका पुन्हा पुन्हा वाकून बघत राहिले.