तीन महिन्यांचं तेल

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. बायको न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत लोखंडी पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाटेवर.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात आमच्या दोन खोल्या. मुलगी बदलापूरला दिलेली. ती आनंदनगरच्या कंपनीत कामाला, त्यामुळे तिचं येणं रविवारचं. बाकीचे सहा दिवस मी.

स्वयंपाक, शौचाचं भांडं देणं, कूस बदलणं, सगळं मला ती पडल्यापडल्या सांगायची तेव्हा जमायचं. तेही धड नाही. एकच काम मला कुणी शिकवावं लागलं नाही, ते तिच्या डोक्याला तेल लावायचं. माझी आई म्हणायची, पडून असलेल्या माणसाच्या डोक्यात उष्णता चढते, टाळूवर तेल जिरवावं. मी सकाळ-संध्याकाळ जिरवत होतो. तिचे केस कमरेच्या खाली, सहासष्टाव्या वर्षीही दाट. मात्र धुतले एकदाही नाहीत. टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही असं दवाखान्यात बजावलं होतं. टाके निघाले तरी मी तेच धरून बसलो.

तिसऱ्या महिन्यात केस डोक्याला चिकटून बसले. उशीचा अभ्रा काळा आणि कडक झाला. खोलीत खवट वास. रात्रंदिवस ती डोकं खाजवायची.

मुलगी आली, तिनं केसांत बोटं घातली, ती आत जाईनात.

"बाबा, हे सुटायचे नाहीत. पुढच्या रविवारी पार्लरवालीला आणते. मानेपर्यंत कापून टाकू, तुम्हालाही सोपं."

मुलगी गेल्यावर बायको म्हणाली, "कापा. पण मग मी चालायला लागले तरी दाराबाहेर पडायची नाही. दळण तुम्ही आणा, भाजी तुम्ही आणा."

त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हणालो, "रविवारपर्यंत तुझे केस स्वच्छ करून दाखवतो. कात्री लावू देत नाही."

मी चौथी नापास, पण जीन्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. मशीनचं तेल सांडलेल्या किती पॅन्ट मी धुऊन नव्यासारख्या केल्या. तेलाला गरम पाणी लागतं, एवढं मला ठाऊक. बेसन तेल ओढतं, हे बायकाच सांगतात. मंगळवारी मी अर्धा किलो बेसन तिच्या डोक्यात चोळलं आणि सोसेल तेवढं कडक पाणी वर ओतलं.

बेसन शिजलं. केसाकेसाला गोळे धरले.

"आता वर मीठ-मिरची टाका," ती डोळे मिटून म्हणाली. "रात्रीच्या भाकरीची सोय झाली."

मी दोन तास फणी चालवली. माझी बोटं वाकडी राहिली, तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मागचा गुंता होता त्याहून घट्ट झाला. बुधवारी मी त्याला हातच लावला नाही. भात लावला, भांडं धुतलं, भिंतीला टेकून बसलो. कंटाळा असा की पंख्याचं बटण दाबायला उठवेना.

समोर एक सिंधी म्हातारी राहते. चपलांच्या रॅकवरून आमचं भांडण झालेलं, दोन वर्षं बोलणं नाही. तिचे केस पांढरेशुभ्र आणि मोकळे असतात, हे येता-जाता दिसायचं. गुरुवारी दुपारी मी तिचं दार वाजवलं. रॅकचा विषय निघाला तर तसाच मागे फिरायचं, असं ठरवून गेलो होतो.

तिनं रॅकचं काढलं नाही. सगळं ऐकून विचारलं, "तेल कितने टाइम लावता?"

"दोन टाइम."

"और धुता कधी?"

"नाही धुतले."

"दादा, बायको आहे का लोणचं? तेलात बुडवून ठेवलीय."

मला राग आला. पण गरज माझी होती, उभा राहिलो. तिनं डब्यातून मुलतानी मातीची ढेकळं काढून दिली. म्हातारी या मातीला मेट म्हणते. म्हणाली, साबण नव्हता तेव्हा आमच्याकडे बायका हिनंच न्हायच्या. थंड पाण्यात भिजव, दह्यासारखी झाली की लाव. आणि तेल बंद.

शुक्रवारी बायकोचं डोकं खाटेच्या कडेला घेतलं, मानेखाली रेक्झिन, खाली बादली. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली आणि मला हुकूम सोडत राहिली. "रगडू नको, ती पॅन्ट नाही." तीन बादल्या काळं पाणी निघालं. शनिवारी पुन्हा तेच.

शनिवारी केस पंख्याखाली पसरून वाळवत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "तेल जास्त होतंय, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर तुम्ही आदळआपट करत फिरता. तेल लावायला तेवढी दहा मिनिटं बसायचात."

मी बादली उचलून मोरीकडे गेलो.

रविवारी मुलगी पार्लरवालीला घेऊन आली. मागच्या गुंत्यातलं बेसन काही सुटलं नव्हतं, तेवढी मूठभर बट कापावी लागली. बाकीचे केस पार्लरवालीनं फणीनं विंचरून पाहिले आणि म्हणाली, "हे कशाला कापताय?" मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बायकोनं तिला वेणी घालायला लावली, आणि आरसा मागून घेतला.

सोमवारी सकाळी मी चहा केला, तिला बशीत ओतून पाजला, आणि तेल न घेता तिच्या उशाशी जाऊन बसलो.